नानांच्या पायाची जखम, 'आर आर आर' आलेला रिपोर्ट आणि दगडी पाला

निफाड तालुक्यातनं एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"ताई, माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ६३, शुगर बारा वर्षांपासून. ऑक्टोबर छाटणी चालू असताना बागेत तारेचा तुकडा चपलेतनं वर तळव्यात घुसला, अंगठ्याच्या मागच्या भागात. दुखलं नाही म्हणून त्यांनी दोन दिवस सांगितलंच नाही. मग सूज आली, पस झाला. गावात गोळ्या घेतल्या, कमी झालं, बंद केल्या, परत झालं. असं तीनदा झालं, प्रत्येक वेळी वेगळी गोळी, एकदा तर डायरेक्ट मेडिकलमधून. शेवटी नाशिकला नेलं, तिथे पसचं कल्चर केलं तर एमआरएसए आणि सगळीकडे आर आर आर. सर्जन म्हणतात ॲडमिट करा, जखम साफ करावी लागेल, इंजेक्शनं लागतील. घरात चुलत सासरे म्हणतात की अँटिबायोटिक आता कुणालाच लागू पडत नाहीत, झाडपाल्याचं करा, झाडपाल्याला जंतू सरावत नाहीत. चार दिवस झाले दगडी पाला आणि हळद वाटून बांधतोय, वास जरा कमी वाटतो. रिपोर्टचा फोटो जोडलाय. ॲडमिट करायचं का पाल्यावर थोडं थांबून बघायचं?"

ताई, आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. ॲडमिट करा, आणि हा आठवडा जाऊ देऊन नाही, उद्याच. पाला आजपासून बंद. पट्टी सोडून जखम सलाइनने, नाहीतर उकळून थंड केलेल्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, स्वच्छ गॉज ठेवून सैल पट्टी बांधा आणि नानांना त्या पायावर उभंच राहू देऊ नका. आणि आज रात्रीत जर लाली घोट्याकडे चढताना दिसली, बोट काळं-निळं पडलं, थंडी वाजून ताप आला, उलट्या व्हायला लागल्या, नाना बोलताना गोंधळायला लागले किंवा जखमेच्या आजूबाजूला दाबल्यावर कातडीखाली करकर लागलं तर सकाळची पण वाट बघू नका, गाडी काढा आणि नाशिक गाठा. शुगरवाल्या माणसाच्या पायात इन्फेक्शन आत किती पळालंय ते वरून कळत नाही, आणि दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा अजिबात नाही, नसा बधिर झाल्यात एवढाच त्याचा अर्थ. तार चपलेतनं आरपार गेली आणि माणसाला दोन दिवस कळलं नाही, इथेच सगळं आलं.

आता तुमचा रिपोर्ट. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा स्टॅफ ऑरियस, जखमेत पस करणारा एक जंतू. तुम्ही लिहिलंय सगळीकडे आर, पण मी फोटो मोठा करून बघितला, तसं नाहीये. वरच्या ओळीत आर (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही) आहेत, खरं आहे, पण खाली क्लिंडामायसिन, कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, लिनेझोलिड, व्हॅन्कोमायसिन या सगळ्यांपुढे एस आहे. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, म्हणजे हे औषध या जंतूवर चालतंय. रिपोर्ट घाबरत घाबरत वाचला की डोळा फक्त आर वर जातो, घरोघरी हेच होतं. हा कागद खरं तर नानांच्या बाजूचा आहे, इतके आठवडे जे अंदाजाने चाललं होतं ते आता बघून करता येणार आहे. (आणि कृपा करून या यादीतलं एखादं नाव चिठ्ठीवर लिहून मेडिकलमध्ये जाऊ नका. कुठलं द्यायचं, तोंडाने का शिरेतून, किती दिवस, किडनी कशी आहे, हाडापर्यंत गेलंय का, या सगळ्यावर ते ठरतं.)

हा रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगते, कारण मी आयुष्याची बरीच वर्षं लॅबमध्ये याच प्लेटा वाचण्यात घालवलीत आणि पुढचं सगळं बोलणं त्या प्लेटवरच येणार आहे. जखमेतला पस एका बशीएवढ्या चपट्या प्लेटमध्ये अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर ओढतात आणि रात्रभर माणसाच्या अंगाएवढ्या उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक गोल ठिपके उगवलेले दिसतात, स्टॅफ ऑरियसचे असतील तर बऱ्याचदा सोनेरी पिवळसर झाक असते. मग त्यातलेच जंतू दुसऱ्या प्लेटवर सगळीकडे सारखे पसरवतात आणि वर औषध मुरवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात, एकेक चकती सहा मिलिमीटरची. परत रात्रभर ठेवायचं. सकाळी बघितलं की जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती मोकळा गोल पडलेला असतो, तिथे जंतू वाढलेलेच नसतात, आणि जे चालत नाही त्याच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेले असतात. तो गोल पट्टीने मोजतात. एमआरएसए ओळखायला सेफॉक्सिटिनची चकती असते, तिचा गोल २१ मिलिमीटर किंवा त्याच्या आत आला की तो एमआरएसए. आता बऱ्याच लॅबमध्ये हे काम मशीन करतं पण तत्त्व हेच. म्हणून कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, कुणी मुद्दाम उशीर करत नसतं.

आता एमआरएसए काय प्रकार आहे. पेनिसिलिनच्या घराण्यातली सगळी औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रोटीनला जाऊन चिकटतात आणि भिंत बांधणं बंद पाडतात. एमआरएसएकडे एक जादाचा जीन असतो, त्यातून तो भिंत बांधणारं वेगळंच प्रोटीन तयार करतो आणि त्याला ही औषधं चिकटतच नाहीत. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफ सापडला पण, दोन वर्षांत. फ्लेमिंगला पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडलं आणि १९४५ मध्ये नोबेल घेताना त्यानेच सांगून ठेवलं होतं की कमी डोस दिला की जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतील.

तुम्ही पत्रात लिहिलंय "नानांच्या अंगाला गोळ्यांची सवय झाली". हे सगळेच म्हणतात पण अंगाला काही होत नाही हो, सरावतो तो जंतू. त्यामुळे "मी तर आयुष्यात अँटिबायोटिक घेतलेलं नाही, मला काय होणार" हे पण खरं नाही, दुसऱ्याच्या अंगात किंवा हॉस्पिटलात किंवा आणखी कुठे तयार झालेला जंतू तुमच्या साध्या ओरखड्यात येऊ शकतो. तुम्ही द्राक्षवाले आहात त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. डावणीला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला, तेच ते औषध सारखं मारलं, त्यातही डोस कमी धरला, की पुढच्या सिझनला ते लागू पडत नाही, म्हणून तर गट बदलून फवारता ना. वेलीला औषधाची सवय झाली असं बागेत कुणी म्हणत नाही, बुरशी सरावली असंच म्हणतात. नानांच्या पायात नेमकं हेच झालंय. चार दिवस गोळी, मग बंद, मग दुसरी गोळी, मग बंद, त्यात मेलेले सगळे दुबळे आणि मागे राहिलेले सगळे दांडगे.

त्या तीन गोळ्यांपैकी एक सेफिक्झिम होती असं तुम्ही लिहिलंय. सेफिक्झिम साध्या स्टॅफवर सुद्धा नीट चालत नाही, एमआरएसएचं तर सोडाच. म्हणजे त्या गोळीने पोटातले चांगले जंतू मारले, पैसे गेले, आणि जखमेला काही मिळालं नाही. याचा दोष मी एकट्या कुणाला देत नाही, ही आपल्याकडची पद्धतच होऊन बसलीय. पण पाकिटावर लाल उभी रेघ असते ती बघायची सवय लावा, २०१६ पासून सरकारने त्याची जाहिरात केलीय, ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आणि फक्त माणसांच्या औषधांचं नाहीये हे, आपल्या जिल्ह्यात सटाणा, मालेगाव, देवळ्याकडे डाळिंबाच्या तेल्या रोगावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं गेलं, ते पण अँटिबायोटिकच, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. केंद्राने २०२१ मध्ये शेतीतला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायच्या आदेशाचा मसुदा काढला, आणि त्याआधी २०१९ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. हे निर्णय मला मनापासून महत्त्वाचे वाटतात, कारण कोलिस्टिन हे आयसीयूत काहीच उरलं नाही की शेवटी काढायचं औषध आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. म्हणजे चुलत सासऱ्यांची काळजी खोटी नाहीये. फक्त त्यांनी काढलेला रस्ता चुकीचा आहे.

तर आता झाडपाला. यावर जरा सविस्तर बोलते कारण "सगळं अंधश्रद्धा" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही आणि ते खरं पण नाही.

दगडी पाला, काही ठिकाणी कंबरमोडी म्हणतात, बांधावर उगवतो, पिवळ्या-पांढऱ्या फुलाचा. विळा लागला की चुरगाळून रस पिळायचा, रक्त थांबतं, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या करतात आणि ताज्या बारीक कापण्यावर रक्त थांबायला त्याचा उपयोग होतो असा लोकांचा अनुभव आहे. त्यावर उंदरांवर अभ्यास पण झालेत. पण उंदराच्या अभ्यासात एक गोष्ट लक्षात ठेवायची, उंदराची कातडी सैल असते, त्याची जखम मुख्यतः कातडी ओढली जाऊन मिटते. माणसाच्या तळव्याची कातडी तशी सरकत नाही, तिथे खालून नवीन मांस भरून यावं लागतं आणि त्याला रक्तपुरवठा लागतो. उंदराच्या पाठीवरची जखम आठवड्यात भरली म्हणून नानांच्या तळव्यावरची भरेल असं होत नाही. शिवाय पाला बांधावरनं तोडलेला, त्यावर माती, मातीत धनुर्वाताचे आणि गॅस गँगरीनचे बीजाणू, ते नुसतं पाण्याने धुऊन जात नाहीत आणि उकळून पण सगळे मरत नाहीत. तो वाटून खोल, बंद, हवा न लागणाऱ्या जखमेत दाबला की आपणच त्यांना हवी तशी जागा करून दिली. तार लागली तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं का हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, उद्या डॉक्टरांना ते पहिलं सांगा.

हळदीचं बोलायचं तर हळद आणि जखम यावर अख्खी कायद्याची लढाई झालीय. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं होतं, तेव्हा आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि जुने लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ते रद्द झालं कारण हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं, म्हणून त्यावर नवीन शोधाचा हक्क कुणाला सांगता येत नव्हता. हळदीने एमआरएसए बरा होतो असा निकाल तिथे कुणी दिलेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लवकर विघटतं, आणि खाल्लं तर रक्तात फारच थोडं पोचतं. बाजारातल्या सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचं सापडलेलं आहे, ते शिसं आपण उघड्या मांसावर टाकतोय का याचा विचार करा. आणि अगदी घरची शुद्ध हळद असली तरी जखम पिवळी होते, मग सर्जनला मांस लाल आहे, पिवळं आहे का काळं आहे हे दिसत नाही, ते तर सगळ्यात आधी बघायचं असतं.

"संशोधनात सिद्ध झालंय की अमुक पाल्याने एमआरएसए मरतो" असे जे फॉरवर्ड येतात ते बहुतेक वेळा त्या मघाच्या प्लेटवरचे असतात. प्लेटवर अर्क टाकला, गोल पडला. अहो, त्या प्लेटवर व्हिनेगर टाकलं तरी गोल पडतो. प्लेटवर मरणं ही पहिली पायरी झाली, त्यानंतर ते मांसाला न जाळता, जखमेतल्या रक्त-पसात टिकून, पुरेशा ताकदीने आतपर्यंत पोचतं का हे बघावं लागतं, आणि बरेचसे अर्क तिथेच अडकतात. जुन्या जखमेत जंतू सुटे पण नसतात, चिकट थर करून एकत्र राहतात, बायोफिल्म म्हणतात त्याला, त्यात वरून लावलेलं काहीच नीट शिरत नाही, पाला तर नाहीच पण अँटिबायोटिक सुद्धा कमी शिरतं. म्हणून सर्जन म्हणतात खरवडून साफ करायला लागेल. ते ऐकायला भयंकर वाटतं पण सगळ्यात मोठा इलाज तोच आहे.

यात आशा वाटावी असं पण आहे आणि ते मला आवर्जून सांगायचंय. दारुहळदीत बर्बेरिन असतं, जंतूंना मारणारं, पण स्टॅफ ते आपल्या पेशीतल्या पंपाने बाहेर फेकून देतो. २००० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की दारुहळदीच्या जातीतल्या काही झाडांमध्ये बर्बेरिनबरोबर अजून एक द्रव्य असतं, ते एकटं काहीच करत नाही पण जंतूचा तो पंप बंद पाडतं आणि मग बर्बेरिन आत राहून काम करतं. म्हणजे झाडानेच जोडी तयार केलीय. २०१५ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला हजारएक वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितातलं डोळ्याचं औषध जसंच्या तसं बनवून बघितलं, लसूण, कांद्याच्या जातीतलं अजून एक, वाइन, बैलाचं पित्त, नऊ दिवस मुरवलेलं, त्याने उंदराच्या जखमेतला बराचसा एमआरएसए मारला, आणि एकेक पदार्थ सुटा घेतला तर तेवढा परिणाम नाही. लासलगाव जवळ म्हणून लगेच लसूण-कांदा वाटून लावू नका, कच्च्या लसणाने कातडी भाजते, शुगरवाल्याला तर कळणार पण नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की पुढे झाडांमधून काही मिळालं तर बहुतेक असंच मिळेल, अँटिबायोटिकच्या जोडीने, नेमक्या मापाने, निर्जंतुक केलेलं. झाडाचं औषध तुच्छ असतं असं कोण म्हणेल, मलेरियाचं आर्टेमिसिनिन झाडातूनच काढलं आणि त्यासाठी थू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण त्याच आर्टेमिसिनिनला कंबोडियाकडे मलेरियाचे परजीवी सरावले सुद्धा. त्यामुळे "झाडपाल्याला जंतू सरावत नाहीत" हे चुलत सासऱ्यांचं वाक्य, वयाचा मान ठेवून सांगते, चूक आहे.

आयुर्वेदाचं म्हणाल तर सुश्रुताने जखमेचे साठ उपक्रम सांगितलेत आणि त्यात छेदन, भेदन, लेखन म्हणजे कापणं, फोडणं, खरवडणं आहेच. आधी शोधन मग रोपण, आधी साफ करायचं मग भरायचं, असा तिथला क्रम आहे, आणि मधुमेह्याच्या जखमा मुश्किलीने भरतात हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. म्हणजे पस भरलेल्या दुष्ट व्रणावर, चिघळलेल्या जखमेवर, पाला बांधून वाट बघत बसा असं आयुर्वेद सांगत नाही. जात्यादि तेल लोक सर्रास लावतात, त्यात जाईचा पाला, कडुलिंब, हळद, दारुहळद आहे, पण मोरचूद पण आहे, तुम्ही फवारणीच्या बोर्डो मिश्रणात टाकता तेच, तेव्हा ते काही नुसतं झाडपाल्याचं तेल नाही आणि खोल पसाच्या जखमेत स्वतःच्या मनाने ओतायचं पण नाही. घरात आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर ती जपा, पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या शल्यतंत्राच्या वैद्यांचं मत इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर, जखम लाल आणि स्वच्छ झाल्यावर घ्या, आणि सर्जनला सांगून घ्या. तुमच्या पत्रातला तो शेजारच्या तालुक्यातला लेपवाला, जो लेपात काय आहे ते सांगत नाही आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणतो, त्याच्याकडे मात्र जाऊ नका.

मधाचं पण विचारलंय तुम्ही. नैसर्गिक म्हणतात त्या सगळ्यात जखमेवर सगळ्यात जास्त अभ्यास मधाचाच झालाय, वरवरच्या भाजण्यावर त्याने लवकर भरतं असं दिसतं, पण शुगरच्या पायावर तितका भक्कम पुरावा नाही. आणि तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, ड्रेसिंगसाठीचा असतो, घरातल्या बाटलीतला नाही, साध्या मधात बीजाणू असू शकतात. कोरफड बारीक चटक्यावर थंडावा देते, त्यापलीकडे या जखमेत तिचं काम नाही.

वास कमी झाला म्हणता, तो हळदीच्या आणि पाल्याच्या वासाखाली दबला असेल, नाहीतर आधीच्या गोळीचा असर अजून असेल. त्यावर विसंबू नका.

उद्या हॉस्पिटलमध्ये काय काय होईल ते सांगते म्हणजे घरात घाबरगुंडी उडणार नाही. पायाचा एक्स-रे काढतील, तारेचा तुकडा आत राहिलाय का आणि हाडाला काही झालंय का ते बघायला. निर्जंतुक बारीक सळईने जखमेत आत हाड लागतं का ते तपासतील, लागलं तर हाडाला इन्फेक्शन असण्याची शक्यता बरीच वाढते. पायाच्या नाड्या बघतील, लागलं तर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची तपासणी, करतील, कारण रक्तच पोचत नसेल तर औषध तरी कसं पोचणार. साफ केल्यावर आतल्या मांसाचा तुकडा परत कल्चरला पाठवला तर उत्तमच, वरवरच्या पसात बाहेरचे जंतू पण येतात, आतला तुकडा जास्त खरं सांगतो, तुम्ही स्वतः विचारा तसं. शुगर इन्सुलिनवर आणतील, "एकदा इन्सुलिन लागलं की कायमचं" या भीतीने नाही म्हणू नका, इन्फेक्शन उतरलं की बऱ्याच जणांचं कमी होतं किंवा बंद पण होतं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) १०.४ टक्के असताना जखम भरायला लागणाऱ्या पांढऱ्या पेशीच नीट काम करत नाहीत.

अँटिबायोटिक किती दिवस हे पण विचारून घ्या. मांसापर्यंतच असेल तर साधारण एक ते दोन आठवडे, हाडात गेलं असेल आणि ते हाड काढलं नसेल तर सहा आठवड्यांपर्यंत जातं. जखम पूर्ण मिटेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवायचं नसतं, ते इन्फेक्शनसाठी असतं, जखम मिटायला त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. म्हणून कमी वाटलं की स्वतः बंद करायचं नाही आणि "अजून उघडी आहे" म्हणून स्वतः वाढवायचं पण नाही. दोन्हीकडून आपण तोच दांडगा जंतू वाढवतो.

सगळ्यात कठीण भाग पुढे आहे आणि तो हॉस्पिटलात नाही, तुमच्या घरात आहे. जखम नेमकी अंगठ्याच्या मागे, चालताना सगळा भार तिथेच येतो. दुखत नसल्यामुळे नाना चालणार, आणि आत्ता विरळणी, डिपिंग, डावणीची भीती, मजूर मिळत नाहीत, अशा दिवसात बागायतदाराला घरी बसवणं म्हणजे काय असतं हे नाशिकमध्ये राहून मला चांगलं माहितीये. पण भार काढला नाही तर जगातलं सगळ्यात महागडं इंजेक्शन पण वाया जाईल. प्लास्टरसारखं विशिष्ट बूट किंवा कास्ट मिळतं, भार दुसरीकडे वळवणारं, ते कुणी द्यायचं कुणी नाही हे सर्जन रक्तपुरवठा आणि इन्फेक्शन बघून ठरवतील. नानांना "आराम करा" म्हणून काही होणार नाही. या सिझनची फवारणी कोण बघणार, ड्रिप कोण सोडणार, मजुरांचा हिशोब कोण ठेवणार हे घरातल्यांनी बसून त्यांच्यासमोर ठरवा, चुलत सासरे मदत करायला उत्सुक आहेतच तर बागेची जबाबदारी त्यांच्यावर टाका, त्यांनाही काहीतरी केल्याचं समाधान मिळेल आणि नाना पण ऐकतील. रोज सकाळी दुसरा पाय पण उलटा करून बघा, बोटांच्या बेचक्यात सुद्धा. अनवाणी बागेत जाणं कायमचं बंद.

खर्चाचं लिहिलंय तुम्ही. ॲडमिट होतानाच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, ते हॉस्पिटल योजनेत आहे का आणि नानांच्या उपचाराला लागू होतं का ते तिथल्या तिथे कळेल. नसेल तर सिव्हिलला सर्जरीच्या ओपीडीत दाखवा, उगाच मध्ये दिवस घालवू नका.

बरोबर न्यायचं: कल्चरचा रिपोर्ट, शुगरचे कागद, आणि आतापर्यंतच्या तिन्ही गोळ्यांची रिकामी पाकिटं, नाव सांगता नाही आलं तरी पाकीट बघून डॉक्टरांना कळतं. आणि चार दिवस दगडी पाला आणि हळद बांधली होती हे न लाजता सांगा. रागावले तर रागावू दे, पण आत पाल्याचे कण राहिले असतील तर ते त्यांना साफ करताना माहिती हवं. पहिलं ड्रेसिंग झालं की सर्जन काय म्हणाले ते मला लिहा, हाडापर्यंत गेलंय का तेवढं नक्की विचारून घ्या.